पद्मावतीच्या साडीचा वास

माझी बायको पद्मावती गेल्याचा फोन इस्पितळातून आला, तेव्हा गॅसवर दूध करपत होतं. घरभर धूर झाला तरी मला वास आला नाही. कोविडने बायको नेली, माझं नाकही नेलं.

वर्ष उलटलं तरी तिची न धुतलेली साडी नाकाशी धरली की नुसतं कापड लागायचं. आमची तेरा वर्षांची अनुषाही त्याच आजारातून उठलेली. एक जिना चढली की दिवसभर आडवी. डॉक्टर म्हणत, झेपेल तेवढंच करू द्या, वेळ लागेल. मला वेळ नको होता, चमत्कार हवा होता. तो आनेकल गावी एका स्वामींकडे मिळत होता.

तिथे वास गेलेल्यांची ही गर्दी. स्वामी दोन डब्यांतल्या पांढऱ्या चिमटी तळहातावर घेत, वर तीर्थाचे थेंब टाकत, रगडत आणि नाकाखाली धरत. "स्वल्प वाका. ओढा. झोपलेली नाडी उठतेय." नाडीचं माहीत नाही, पण झणका टाळूपर्यंत गेला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. "आला, वास आला," म्हणत मी लहान पोरासारखा रडलो. शिष्यांनी व्हिडिओ काढला. अनुषासाठी स्वामींनी सांगितलं की डॉक्टर बंद, अमावास्येला एकशे आठ प्रदक्षिणा. अंगातला आळस पळून जाईल.

घरी आल्यावर अनुषाने पडल्या पडल्या सगळं ऐकलं.

"सरी अण्णा," तिने होकार भरला, "जाईन मी. आधी तुमची परीक्षा. डोळे मिटा."

तिने नाकाशी काहीतरी धरलं. मी छाती भरून श्वास घेतला.

"आईची साडी," मी म्हणालो. "तीच."

ओट्याचं फडकं होतं. कालच्या सांडलेल्या सांबारासकट.

"मग आनेकलला काय आलं होतं?"

"झोंबलं असेल. कांदा चिरताना तुमच्या डोळ्यांना पाणी येतंच की. त्याचा वास येतो का?"

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी उलगडून सांगितलं. नवसागर, चुना आणि पाणी एकत्र रगडलं की अमोनिया सुटतो. वास घेणारी नस वेगळी, झोंबणं कळणारी वेगळी. वास पार गेलेला माणूसही अमोनियाने दचकतो. ऐकून मी खाली बघत बसलो, कारण माझं भांड्यांचं दुकान आहे आणि कल्हईचा नवसागर मी स्वतः विकतो.

कोविडनंतरचं दुखणं मुलांत काय, मोठ्यांत काय, रेंगाळतं. तो आळस नाही आणि कोणाचा कोपही नाही. कोणी झटक्यात बरं करू म्हणालं, तर माझ्यासारखं रडण्याआधी डोळे मिटून परीक्षा द्या.

अनुषा प्रदक्षिणांना गेली नाही. ती आता अर्धा दिवस शाळेत जाते. माझा वास परतलेला नाही. आनेकलला मात्र रांगेतल्या लोकांना अजून माझा रडण्याचा व्हिडिओ दाखवतात. तिथे जाऊन, तो माणूस मीच आणि मला कसलाही वास आला नव्हता, हे सांगायचं राहिलं आहे.