कुऱ्हाडीच्या मुठीतला तुंबा

"ह्यावर तुम्ही कुणी विश्वास ठेवणार नाही," सातुर्निनो पीरिस म्हणाला, "आणि ठेवलात तर मला तुमचीच काळजी वाटेल."

असं म्हणून त्यानं आधी कोपऱ्यात एक नजर टाकली. तिथं खिडकीशी एकोणनव्वद वर्षांच्या दोन्या एल्विरा बगलेत थर्मास धरून डुलक्या घेत होत्या. हनुवटी छातीला टेकलेली, श्वास संथ. म्हाताऱ्यानं समाधानानं मिशी पुसली आणि खुर्ची पुढे ओढली.

चाळीस वर्षं सातुर्निनोनं रिबेरा क्लबचे बूट पुसले होते, सदरे धुतले होते, चेंडूत हवा भरली होती. चेंडूपेक्षा जास्त हवा तो गोष्टींत भरतो, असं सान इलारियो गावात म्हणत. आज विल्मार आणि नोराच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून क्लबात जेवण होतं. रविवारची दुपार. ती दोघं बाहेर अंगणात निखाऱ्यांवर बरगड्या भाजत होती आणि आत क्लबच्या नव्या खेळाडूंना एकच गोष्ट ऐकायची होती. विल्मार एचेगोयेनसारख्या दांडग्याला दोन्या एल्विरांनी मुलगी दिली कशी?

तर त्या काळात विल्मारला विल्मार कुणीच म्हणत नसे. रेडिओवाले म्हणत 'कुऱ्हाड', वर्तमानपत्रवाले म्हणत 'रिबेराची कुऱ्हाड', आणि आया पोरांना म्हणत, सूप संपव नाहीतर कुऱ्हाड येईल. पोरं वाडगा चाटून ठेवत. दोष त्याच्या भुवयांचा होता. दोन्ही भुवया मधोमध येऊन एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या, त्यामुळं गडी हसला तरी धमकी दिल्यासारखा दिसे. त्यात पाय लांब, चेंडूपाशी पोचायला नेहमी अर्धा क्षण उशीर, आणि अर्ध्या क्षणानंतर तिथं चेंडूच्या जागी कुणाचीतरी नडगी असे. तेवीस लाल कार्डं मिळाली होती बिचाऱ्याला. त्यातली चार न्यायाची होती, बाकीची भुवयांची. एकदा तर तो नुसता शिंकला आणि पंचानं पिवळं कार्ड काढलं. सालतोच्या मैदानावर तो राष्ट्रगीताच्या वेळीच बाहेर गेला होता. का, ते पंचालाही नंतर आठवेना.

आणि घरी हा माणूस कॅनरी पक्षी पाळायचा. ज्याला पाडलं त्याला दुसऱ्या दिवशी पत्र लिहून माफी मागायचा. पत्रांवर लावायला तिकिटं कमी पडत म्हणून टपालवाल्यानं त्याच्यासाठी वेगळा खण ठेवला होता. पण पत्रं रेडिओवर कोण वाचून दाखवणार?

नोरा शाळेत शिकवायची. तिनं ती पत्रं वाचली होती, कारण त्यांतल्या चुका तीच सुधारायची. असंच जुळलं. राहता राहिली आई.

दोन्या एल्विरांच्या घरी पहिल्यांदा गेला त्या दिवशी विल्मारनं नवा सदरा घातला होता आणि भुवयांना पाणी लावून त्या दोन्हीकडे बसवल्या होत्या. बाईंनी येर्बाच्या पानांवर पाणी ओतून मातेचा, आमच्या त्या कडवट पेयाचा, तुंबा भरला. पाती हिरवीगार, पाणी बेताचं गरम, नळी चांदीची. त्यांच्या हातच्या मातेसाठी पलीकडच्या तीरावरून अर्जेंटिनाची माणसं नावेनं येत. विल्मारनं दोन्ही हातांनी तुंबा घेतला, नळीतून तळ गुरगुरेपर्यंत ओढला, आणि परत देताना घाबरून त्याच्या तोंडून निघून गेलं, "आभारी आहे."

ऐकणाऱ्या पोरांनी डोक्याला हात लावले. दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. तुंबा परत देताना आभार मानायचे ते 'आता पुरे, मला पुन्हा नको' म्हणायचं असेल तेव्हा. आणि पहिल्याच तुंब्याला आभार म्हणजे, बाई, तुमच्या हाताला चव नाही.

दोन्या एल्विरांनी थर्मासला बूच लावलं. त्यानंतर दोन वर्षं तो दर गुरुवारी तिथं जाई, दर गुरुवारी तुंबा हातोहात फिरे, आणि त्याच्यापाशी आला की उडी मारून पुढं जाई. बाई अगदी गोड आवाजात सांगत, तुम्हीच पुरे म्हणालात ना. त्याला कपबशीतून साखर घातलेला चहा मिळे, जो आमच्याकडे आजारी माणसाला आणि विमा विकायला आलेल्याला देतात. आणि 'तुम्ही' हे संबोधन तर अंगात काट्यासारखं रुतायचं. कुत्र्यालासुद्धा त्या घरात 'तू' म्हणत.

शेवटी नोराची बदली माँतेव्हिदेओला झाली. फेब्रुवारीत जायचं होतं. लग्न होऊन दोघं जातील किंवा ती एकटी जाईल, असं तिनं दोघांनाही बजावलं. तेव्हा बाईंनी अट घातली. मोसमाचा शेवटचा सामना राहिला होता, मोलिनो क्लबशी. तो सामना ह्या गृहस्थांनी नव्वद मिनिटं पुरा खेळून दाखवावा. जो माणूस मैदानावर टिकत नाही तो घरात काय टिकणार? लाल कार्ड मिळालं, तर चहाही विसरावा.

विल्मारची पाचावर धारण बसली. त्या मोसमात त्यानं एकही सामना पुरा केला नव्हता.

"आता इथून पुढं खरं खरं सांगतो," सातुर्निनो म्हणाला, आणि पोरं हसली.

त्या दिवशी नदीवरून असा वारा सुटला होता की आमच्या गोलरक्षकानं लाथाडलेला चेंडू नदीवर गेला, तिथं वळला, आणि परत आला तेव्हा त्याला एक दोराडो मासा चिकटलेला होता. पंच बारेनेचेआंनी नियमांची पुस्तिका काढून पाहिली. माशाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. खेळ चालू राहिला.

मोलिनोचा उजवा आघाडीवाला होता लादिस्लाओ ब्रुन. गोरा, कुरळ्या केसांचा. वर्तमानपत्रवाले त्याला 'देवदूत' म्हणत. देवदूताचा धंदा पडण्याचा होता. त्याच्यावर नुसती सावली पडली तरी तो पडे. ढग आला तरी पडे. इतका सुरेख पडे की प्रेक्षकांतल्या बायका रुमाल काढत. आणि पडल्या पडल्या, पंचाची पाठ वळली की असा चिमटा काढे की महिनाभर निळा डाग जात नसे. फोटोत चिमटा दिसत नाही, भुवया दिसतात.

विल्मारनं त्या दिवशी कानाला खडा लावला होता. देवदूतानं चिमटे काढले, हा गप्प. बुटावर थुंकला, हा गप्प. भुवयांवरून बोलला, टोळ बसलेत का म्हणाला, विल्मार म्हणाला, असतील बाबा. त्याच्या आईवरून बोलला, तेव्हा विल्मारनं नम्रपणे सांगितलं की आई बरी आहे, विचारल्याचं तिला कळवतो. ऐंशी मिनिटं गेली. गावात असा चमत्कार कुणी पाहिला नव्हता. रेडिओवाला निवेदक तर बावचळून गेला; कुऱ्हाडीबद्दल काय बोलावं हेच त्याला सुचेना, म्हणून तो वाऱ्याबद्दल बोलत राहिला.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला देवदूताच्या लक्षात आलं की दुखरी जागा वेगळीच आहे. तो जवळ आला आणि म्हणाला, "तुझ्या होणाऱ्या सासूची येर्बा धुवट असते म्हणे. पोलीसठाण्यातसुद्धा याहून बरा तुंबा मिळतो."

वारा नेमका त्या क्षणी थांबला. अख्ख्या मैदानानं ऐकलं.

येर्बा धुवट म्हणजे दहादा पाणी ओतून चव गेलेली पानं. बाईमाणसाला आमच्या गावात याहून घाण बोलता येत नाही. विल्मारनं देवदूताची गळपट्टी डाव्या हातात धरली, त्याला जमिनीवरून वीतभर उचललं, आणि उजवी मूठ वर नेली. ज्या बाईनं दोन वर्षं त्याला चहा पाजला तिच्यासाठी.

मग काय विचारता. मोलिनोचे दहा धावले, आमचे दहा धावले, राखीव धावले, प्रशिक्षक धावले. सॉसेज विकणारा चिमटा घेऊन आला. ढोलवाले ढोलासकट आले. पाद्रीबुवा भांडण सोडवायला उतरले आणि कोपरानं आशीर्वाद देत सुटले. दोन पोलीस होते. त्यांनी आधी टोप्या घडी घालून ठेवल्या, मग ते एकमेकांशीच भांडले, कारण एक मोलिनोचा होता. चेंडूवर एक कुत्रं येऊन बसलं, कारण माशाचा वास येत होता. आणि ह्या सगळ्या धुळीच्या मधोमध विल्मार पुतळ्यासारखा उभा. मूठ वर गेली होती, ती खाली येईना. मारावं तर नोरा जाते, सोडावं तर येर्बा धुवट ठरते. समोरून पंच बारेनेचेआ खिशात हात घालून येत होते, आणि त्या खिशात काय आहे हे गावातल्या आंधळ्यालाही ठाऊक होतं.

"आणि तेव्हा," सातुर्निनो कोपऱ्याकडे पुन्हा एकदा पाहून जरा हळू म्हणाला, "मी धावलो."

बगलेत थर्मास, हातात भरलेला तुंबा. ढोलाखालून गेलो, पाद्रीबुवांचं कोपर चुकवलं, एक थेंब सांडला नाही. पोचलो आणि त्या वर गेलेल्या मुठीत तुंबा कोंबला. म्हटलं, घे पोरा, पी. आणि आभार मानलेस तर याद राख.

आता हातात भरलेला तुंबा असताना कुणाला मारता येतं का? सांडेल की. विल्मारनं डोळे मिटून नळी तोंडात धरली. तळ गुरगुरला तसे जवळचे चार जण थांबले. त्यानं तुंबा परत दिला. अवाक्षर बोलला नाही, फक्त मान हलवली. दुसरा मी भरला तो देवदूताच्या हातात दिला आणि विचारलं, सांग आता, धुवट आहे? देवदूत प्यायला. त्याचे कुरळे केस जरा सरळ झाले. म्हणाला, नाही, चुकलो. तिसरा मोलिनोच्या कप्तानाला, चौथा पाद्रीबुवांना. बघता बघता सगळी माणसं धुळीत गोल करून बसली, फुटकी नाकं पुसत, पाळीची वाट बघत. बावीस खेळाडू, दोन पोलीस, ढोलवाले, आणि थर्मासमधलं पाणी काही संपेना.

पंच बारेनेचेआ लाल कार्ड वर धरून उभेच होते. त्यांची पाळी आली. एका हातात शिट्टी, एका हातात कार्ड. तुंबा घ्यायचा कशात? त्यांनी विचार केला आणि कार्ड खिशात ठेवलं. प्यायले. मग म्हणाले की मूठ आपण पाहिली, पण तिच्यात तुंबा होता, आणि तुंबा धरलेल्या मुठीला नियमात मूठ म्हणत नाहीत. पुस्तिका त्यांनी या वेळी उघडली नाही.

उरलेली नऊ मिनिटं खेळली गेली. शेवटच्या मिनिटाला देवदूत आमच्या गोलापुढं पडला, सवयीनं. मैदानानं श्वास रोखला. विल्मारनं हात पुढं केला, त्याला उभं केलं, गुडघ्यावरची माती झटकली. पंचांनी शिट्टी ओठांशी नेली, तर देवदूत स्वतःच म्हणाला, "ह्यानं काही नाही केलं. मी घसरलो." आयुष्यातलं पहिलं खरं बोलला असेल. त्याच्या बायकोनं ती तारीख भिंतीवर लिहून ठेवली म्हणतात.

शेवटची शिट्टी वाजली. विल्मार मैदानावर होता. रेडिओवाल्या निवेदकानं पहिल्यांदा त्याचं पूर्ण नाव घेतलं, आणि ते त्याला कागदावर बघून वाचावं लागलं. निकाल काय लागला ते आजही कुणाला आठवत नाही.

"पण दोन्या एल्विरा?" यामांदू नावाच्या नव्या गोलरक्षकानं विचारलं. "त्या कुठं होत्या ह्या सगळ्यात? इतक्या कडक बाई, नुसतं बघून कशा विरघळल्या?"

सातुर्निनोनं घसा खाकरला. त्या तर वर, चौथ्या रांगेत, तो म्हणाला. काळी छत्री घेऊन बसल्या होत्या. इतका वेळ दगडासारख्या. सामना संपल्यावर जागेवरून उठल्या, डोळे पुसले, आणि पायऱ्या उतरून खाली येऊन...

"खोटं," कोपऱ्यातून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. दोन्या एल्विरांची हनुवटी छातीवरून उठली होती आणि डोळे लख्ख उघडे होते. त्या थर्मासचं बूच सावकाश फिरवत होत्या.

"मासा खरा आहे," त्या म्हणाल्या. "तो मी स्वतः पाहिला, पाच किलोचा तरी होता. कुत्रं खरं. पाद्रीबुवांचं कोपर खरं, माझ्या बरगडीत बसलं होतं. पण थर्मास हा होता, सातुर्निनो. हाच. तुझा तुंबा कुणी त्या देवदूताला दिला असता, तर तो म्हणाला असता बरोबरच आहे, धुवटच आहे, आणि माझी पोर आज माँतेव्हिदेओत एकटीच म्हातारी झाली असती. माझ्या येर्बाला नाव ठेवलं, आणि मी वर बसून डोळे पुसत होते? मैदानात मी गेले होते. आणि तू, सातुर, तू बाकाखाली होतास, बुटांच्या पेटीमागं. तुला ओलांडूनच मी गेले."