तिसाचा होतो, बाराचा झालो

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना अमेरिकन सेंट आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे, आठवणींनी हळवे व्हावे, अशी पद्धत आहे. मला आज ते जमणार नाही.

माझा जन्म सतराशे चौऱ्याण्णव साली फिलाडेल्फियात झाला. कुणाची फुटकी किटली, कुणाचे मोडके भांडे, असले माझे तांबे. दोन घामाघूम गडी एका लांब दांड्याला झोंबत यंत्र फिरवत. एका दणक्यात माझ्या एका अंगावर मोकळ्या केसांच्या बाईचा चेहरा उठला आणि दुसऱ्या अंगावर पानांची माळ. साचे तेव्हा हाताने कोरत, त्यामुळे एका साच्यातली बाई दुसऱ्या साच्यातल्या बाईसारखी दिसत नसे. माझ्या बाईची शेवटची बट जरा वर वळलेली आहे.

मी मेणबत्त्या विकत घेतल्या, खिळे घेतले, कितीतरी जणांना नावेतून नदीपार नेले. मेलेल्या माणसाचे डोळे मिटलेले राहावेत म्हणून दोनदा पापणीवर ठेवला गेलो. मग एका पिठाच्या गिरणीत फळ्यांच्या फटीतून खाली पडलो आणि शंभरावर वर्षे तिथेच राहिलो. कुणी विचारले नाही, पण कुणी त्रासही दिला नाही. तिथे माझा रंग पिकला. गडद तपकिरी, गुळगुळीत. तांब्याला अशी कातडी यायला आयुष्य जाते, आणि ती एकदाच येते.

गिरणीची जमीन उखडताना मी हार्लन ग्रोफ नावाच्या सुताराला सापडलो. त्याने मला कडेने धरले, तोंडावर बोट लावले नाही. मऊ कुंचल्याने पीठ झाडले. तीन रविवार भिंगातून पाहिले आणि बायकोला म्हणाला, "ऑर्फा, हा तिसाचा आहे."

तीस म्हणजे सत्तरपैकी तीस. आमची प्रत अशी ठरते. आधी झीज पाहायची: कानावरचे केस वेगवेगळे दिसतात का, पानांच्या शिरा उरल्यात का. त्यावर आकडा ठरला की कातडी पाहायची. ओरखडा, हिरवा डाग, घासपूस, जे सापडेल त्याचे गुण कापायचे. कापताना कुणी दयामाया दाखवत नाही.

हार्लनच्या गावात नाणेवेड्यांचे एक मंडळ होते. दर ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी ते चर्चच्या तळघरात जमत. दर वर्षी एकाच साच्याची पाळी असे. ज्याच्याकडे त्या साच्याचा सेंट असेल त्याने आणायचा, काळ्या मखमलीवर सगळे ओळीने मांडायचे आणि सर्वांत उत्तम कोणता ते ठरवायचे. जिंकणाऱ्याचे नाव भिंतीवरच्या ओकच्या पाटीवर कोरले जाई. कोरायचे काम हार्लनचे. एकोणीस नावे त्याने आपल्या हाताने कोरली. त्यात त्याचे एकही नव्हते.

त्यातली चार नावे मर्विन हेसची. मर्विन हा हार्लनचा जुना मित्र, आणि माझ्या साच्याचा एक पंचविसाचा सेंट त्याच्याकडेही होता.

"मर्विन, तुझा सेंट बघायला भिंग नको, दया हवी," हार्लन त्याला चिडवी.

"तू आपली दुसऱ्यांची नावं कोर," मर्विन म्हणे. "हात चांगला बसलाय तुझा."

माझ्या साच्याची पाळी यायला अकरा वर्षे लागली. ती आली त्या वर्षी ऑगस्टमध्ये हार्लन गेला.

ऑर्फाला नाण्यांतले काही कळत नव्हते. तिला एवढेच हवे होते की त्या पाटीवर एकदा नवऱ्याचे नाव लागावे. मंडळ जमायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि मर्विनला फोन लावला. तिला कमी ऐकू येते, त्यामुळे तिच्या फोनचा आवाज मोठा असतो आणि पलीकडचे बोलणेही सगळ्या घराला ऐकू जाते.

"मर्विन, हार्लनचा सेंट उद्या मीच घेऊन येते. फार काळवंडलाय रे. आणायच्या आधी काही करावं लागतं का त्याला?"

मर्विन थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाणं तुझं आहे, ऑर्फा. तुला बरं वाटेल ते कर."

मित्रांनो, त्या गप्प राहण्यात त्याने सगळा विचार करून घेतला होता. एक "नाही" म्हणायला किती वेळ लागतो?

ऑर्फाला काय बरे वाटणार? या भागात दर शरदात अंगणात तांब्याच्या मोठ्या कढईत सफरचंदे आटवतात. आटवण्याआधी कढई व्हिनेगर आणि मिठाने घासून लख्ख करायची, नाहीतर शेजारणी नावे ठेवतात. ऑर्फा साठ वर्षे ती कढई घासत आली होती. तिने कढईच्याच फडक्यावर व्हिनेगर आणि मीठ घेतले. मला ओरडता आले असते तर मी गिरणीपर्यंत ऐकू गेलो असतो. ती माझ्याशी बोलत होती, "छान दिसायला हवं हं, हार्लनसाठी." दोनशे वर्षांची कातडी पाच मिनिटांत मोरीत वाहून गेली. मी कोवळ्या गुलाबी रंगाचा झालो, सोलल्यासारखा.

शनिवारी तळघरात मला मखमलीवर ठेवले. बर्निस नावाच्या निवृत्त शिक्षिकेकडे निवाड्याचे काम होते. तिने मला कडेने उचलून दिव्याखाली तिरके केले.

"ऑर्फा, हा कुणी धुतला?"

"मी. चकाकतोय ना?"

मर्विन काकवीच्या केकचा तुकडा काट्याने उगाच मोडत बसला होता.

बर्निसने खुर्ची ऑर्फाजवळ ओढली. "हार्लनचं बरोबर होतं. नक्षी तिसाचीच आहे. पण धुतल्यावर गुण कापावेच लागतात गं. बारा."

"बारा," ऑर्फा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण मी विचारलं होतं. मर्विनला विचारलं होतं मी."

तिने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. आपले कुठे चुकले ते शोधत असल्यासारखी ती बोलली. सगळे मर्विनकडे बघू लागले.

"मी कुठं धुवायला सांगितलं?" मर्विन म्हणाला. "बरं वाटेल ते कर म्हटलं."

"आणि ती काय करेल असं वाटलं होतं तुला?" बर्निसने विचारले. "तिची कढई तू दर वर्षी बघतोस."

नियमाप्रमाणे मर्विनचा पंचविसाचा सेंट जिंकला. टाळी एकानेही वाजवली नाही.

निघताना ऑर्फा त्याच्यापाशी थांबली. "पाटीवर तुझं नाव लागायला हवं, मर्विन. हार्लनच्या पटाश्या माझ्याकडे आहेत. आणून देऊ का?"

तिने हे खरोखर विचारले होते. मर्विनला मान वर करता आली नाही.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. पटाश्या न्यायला तो अजून आलेला नाही. पाटीवर त्या वर्षाची जागा कोरी आहे.

मी ऑर्फाच्या एप्रनच्या खिशात असतो. घामाने आणि हाताळण्याने मी पुन्हा तपकिरी होईन असे तिला कुणीतरी सांगितले, म्हणून ती मला दिवसभर चोळत बसते. त्याने मी आणखी झिजतो. आज माझी प्रत काढली तर दहासुद्धा येणार नाही, आणि त्याचा मला राग नाही. रंग पुरता परत यायला साठ-सत्तर वर्षे लागतील. माझ्यापाशी ती आहेत. ऑर्फा एक्याऐंशी वर्षांची आहे.

तेव्हा मित्रांनो, जुने तांबे हातात आले तर व्हिनेगर घेऊ नका, चिंचही घेऊ नका. कडेने धरा आणि जाणत्याला विचारा. पण मला खरे सांगायचे आहे ते जाणत्यांना. ऑर्फाने विचारले होते. तुम्हाला कुणी विचारले, तर सांगा.