दोरावरची रेशमी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खजुराच्या झाडावर चढणाऱ्याच्या कमरेला आणि खोडाला एकत्र वेढा घालणारा. अंगाने खरखरीत आणि मनात एक सल धरून बसलेला. बहरीनमध्ये बुदय्या रस्त्याला एक जुनी बाग जपून ठेवली आहे. तिथल्या मातीच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेला असतो. लोक बाग बघतात, पाटाच्या पाण्यात पाय बुडवतात आणि मग मला बघायला येतात.

मला मरजानने वळलं. तो त्या बागेचा गुलाम होता, लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवून आणलेला. आम्ही दोघे दिवसभर झाडं चढायचो. वाहवा खजुराची होई, आमच्याकडे बघतो कोण? वर्षं गेली, मी झिजलो. "एक दिवस द्या, नवा दोर वळतो," असं मरजानने मालकाला विनवलं. तोडणीचे दिवस होते. मालकाने साफ नाही म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी तुटलो. मरजान पडला तो उठलाच नाही. मालकाने मला गाठ मारून दुसऱ्याच्या कमरेला बांधलं आणि गावभर सांगितलं, मरजान निष्काळजी, त्याला दोरसुद्धा नीट बांधता आला नाही. मित्रांनो, मला तोंड असतं तर!

पुढे गुलामगिरी उठली, मालक गेला, मी अडगळीत पडलो. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मालकाचा नातू नजीब याने बाग सावरली. मला तेलपाणी केलं आणि गाठीवर हिरवी रेशमी पट्टी गुंडाळली. "इथे हाताची पकड चांगली बसते," असं तो पाहुण्यांना सांगे.

बागेचा माळी होता महादेव, वेंगुर्ल्याकडचा. पिढ्यान् पिढ्या माड चढणारं घराणं त्याचं. एक्याऐंशी सालच्या दसऱ्याला त्याने सकाळीच कोयता धुतला, मला धुतलं, कुंकू लावलं. पूजेला हत्यार उघडं हवं, म्हणून पट्टी सोडली आणि ती परत बांधायला विसरला.

नेमक्या त्याच दिवशी मुहर्रक शहरातून काही बायका बाग बघायला आल्या. त्यांच्यातली पन्नाशीची आमिना माझ्यासमोर थबकली आणि बाजारात शिकलेल्या हिंदीत तिने महादेवला विचारलं,

"ये खून किसका है?"

"खून नाही अम्मा, कुंकू. हमारा त्योहार है," महादेव गडबडून म्हणाला.

"और ये गाठ?"

"पकडने के लिये, खाला," बायकांना बाग दाखवत आलेल्या नजीबने झटकन सांगितलं.

आमिनाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तू पेड चढता है ना?" ती महादेवला म्हणाली. "तू बोल."

नजीब महादेवकडे टक लावून बघत होता. महादेवचा व्हिसा त्याच्याच हातात होता आणि गावी महादेवच्या नव्या घराच्या भिंती जेमतेम छपराला टेकल्या होत्या. 'बोल रे बाबा,' मी मनातल्या मनात ओरडत होतो.

"आज दसरो आसा. खोटा कसा बोलू?" तो स्वतःशीच पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "पकड का मफी, अम्मा, पकड का बिलकुल नाही. इधर गाठ रहेगा तो दोर झाड पे अटकेगा, आदमी गिरेगा. कोई चढनेवाला इधर गाठ नाही मारता. बांधा हुवा छूटता तो दोर साबूत रहता. ये घिस के बीच में टूटा है. आदमी का गलती नाही."

आमिना मटकन खाली बसली. "मैं सात साल की थी," ती म्हणाली. "सब बोलते थे, तेरे बाप ने रस्सी ठीक से नहीं बांधी." तिने माझ्यावर हात ठेवला आणि ती मोठ्याने रडली. सत्तेचाळीस वर्षांचं रडणं होतं ते.

"खलास, महादेव," नजीब एवढंच म्हणाला. पुढच्या महिन्यात महादेवचा व्हिसा रद्द झाला. मुंबईच्या विमानात बसण्याआधी तो मला तेल लावून गेला. मी त्याचं काय देणं लागतो, ते मलाच ठाऊक.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण जपायच्या नावाखाली त्यांना गप्प करू नका. अशा एखाद्या बागेत गेलात, तर झाडं कुणाची होती एवढंच विचारू नका. त्यांवर चढायचं कोण, त्याचं नाव काय, हेही विचारा. आणि माझ्या बागेत आलात, तर कुणी काहीही सांगो, ध्यानात ठेवा, मरजानने दोर नीट बांधला होता.