दीड वर्ष थांबायचं होतं

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर बूट टेकवून ठेवायचा, हे काम ती अकरा वर्षं करत होती. कुणी चढावर क्लच सोडून गाडी मागे नेली, कुणी समोर ट्रक दिसताच डोळे मिटून घेतले, तरी तिचा आवाज चढत नसे. "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडेही आहे," एवढंच म्हणायची.

स्वतःच्या वजनापुढे मात्र तिनं हात टेकले होते. एकशे अठरा किलो. सीटबेल्ट पुरत नसे, म्हणून त्याला जोडपट्टी लावावी लागे. एखादा नवा विद्यार्थी ती पट्टी पाहून पटकन खिडकीबाहेर बघू लागे, तेही तिच्या नजरेतून सुटत नसे. गुडघे कुरकुरत होते, रक्तात साखर दिसू लागली होती. पाळीचा तर काही नेमच नव्हता, वर्षातून तीनदा आली तरी पुष्कळ. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दवाखाने करून करून दोघंही थकली आणि एक दिवस काही न बोलताच त्यांनी तो विषय मिटवला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लटकून काम करणारा, मुळातच कमी बोलणारा माणूस. "मला तू बरी हवीस, बस," एवढं म्हणाला होता.

शेवटी तिनं पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "चांगल्या धडधाकट पोटावर सुरी चालवून घ्यायची? त्यापेक्षा दोन घास कमी खा की!"

"आई, दोन घास कमी खाऊन वीस वर्षं झाली," मास्तरीण म्हणाली. सासूबाईंना ते पटलं असं नाही.

ऑपरेशनच्या आधी सर्जननं दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. "पहिलं दीड वर्ष मूल नको. वजन झपाट्यानं उतरत असतं, अंगाला स्वतःपुरतंच मिळत नाही. आणि या ऑपरेशननंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नसतो, तेव्हा तांबी बसवून घ्या."

मास्तरीण हसली. "डॉक्टर, नऊ वर्षं आम्ही दार उघडं ठेवून बसलोय. कुणी फिरकलं नाही."

सर्जन हसला नाही. "वजन उतरलं की पाळी रुळावर येते. पुष्कळ जणी इथेच फसतात."

तिनं मान डोलावली, सही केली आणि तांबीचं पुढच्या खेपेला बघू म्हणून सोडून दिलं.

पाच महिन्यांत तेहतीस किलो उतरले. जोडपट्टी डिकीत जाऊन पडली. जिना चढताना मध्ये थांबावं लागेना. आरशासमोरून जाताना ती आता मान वळवून घेत नसे. कधी मळमळायचं, उलटी व्हायची. पण ती तर ऑपरेशनपासूनच होत होती. घाईनं खाल्लं की यायचीच. त्यामुळे गेले काही दिवस ती जरा जास्त होतेय, याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

त्या सकाळी स्टिअरिंगवर पोस्टमनकाका होते. पस्तीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटलेला माणूस, निवृत्तीनंतर हट्टानं गाडी शिकायला आलेला. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, मोठ्या गोल चौकाची. चारी बाजूंनी गाड्या आल्या की त्यांचे हात गार पडत. त्या दिवशी चौक शंभर पावलांवर असताना मास्तरणीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"काका, गाडी बाजूला घ्या," ती कसंबसं म्हणाली. मान खिडकीवर कलंडली.

काकांनी गाडी बाजूला घेतली, तिच्या तोंडावर पाणी मारलं. ती डोळे उघडून "काही नाही, चक्कर आली" म्हणाली, पण चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"दवाखाना कुठाय तुमचा?"

"चौकाच्या पलीकडे. थांबा, मी रिक्षा..."

"बेल्ट लावा मॅडम," काका म्हणाले आणि त्यांनी पहिला गिअर टाकला. गोल चौकातून त्यांनी एकदाही हॉर्न न वाजवता गाडी पार नेली. दवाखान्याच्या दारात मात्र कडेच्या कुंडीला ठोकली. मग उतरून त्यांनी आधी तिच्या बाजूचं दार उघडलं.

रक्त काढलं, लघवी तपासली. दुपारी सर्जन कागद हातात घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला. तो खुर्ची ओढून बसला की काहीतरी असतं, हे तिला माहीत होतं.

"आतड्याला काही झालंय का?"

"नाही. तुम्हाला दिवस गेलेत. नऊ आठवडे."

नवरा नुकताच कामावरून धावत आला होता, हाताला अजून ग्रीस होतं. तो भिंतीला टेकला. नऊ वर्षं या एका वाक्याची वाट पाहिली होती तिनं. मनात कितीदा तरी रंगवलं होतं, की ती रडेल, हसेल, कुणाच्या तरी गळ्यात पडेल. प्रत्यक्षात तिच्या तोंडून निघालं, "आत्ता नको हो."

आणि ते ऐकून ती स्वतःच दचकली.

सर्जननं बोल लावला नाही. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्याच्या ओठांवर आले असणार, पण त्यानं ते गिळले. त्यानं स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या वयानं मोठ्या, बोलायला रोखठोक. "धोका आहे, तो लपवणार नाही. लोह, जीवनसत्त्वं कमी पडतात, मूल लहान राहू शकतं, दिवस भरायच्या आधी येऊ शकतं. पण बारीक लक्ष ठेवलं तर पुष्कळ जणींचं नीट पार पडतं, हेही खरं. ठेवायचं की नाही, दोन्ही वाटा तुम्हाला मोकळ्या आहेत. घरी जा, विचार करा. हा निर्णय तुमचा, आमचा नाही."

घरी येऊन ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. नवऱ्यानं हात धुतले, पुन्हा धुतले.

"तुला राग आलाय का माझा?" तिनं विचारलं.

"मी पण होतो की तिथे सही करताना," तो म्हणाला. "तुला काय वाटतंय ते सांग."

"वाईट बाई आहे मी. मला आधी काय आठवलं सांगू? वजन. आत्ता कुठे मी माझ्या अंगात राहायला लागले होते रे. पाच महिने. आता पुन्हा फुगणार. आणि दुसरीकडे वाटतं, मी चार घास खाते, त्यातलं त्या जिवाला काय मिळणार? उपाशी ठेवीन मी त्याला."

"यात वाईट काय आहे?" तो म्हणाला. "मला पण भीती वाटतेय. तुझी."

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता बाहेर आली आणि म्हणाली, "ठेवूया." तोंडात फेस होता, त्यामुळे त्याला पुन्हा विचारावं लागलं.

सासूबाईंना कळलं तसा घराचा नूरच पालटला. ज्या बाई कालपर्यंत सुनेच्या ताटाकडे तिरक्या डोळ्यांनी बघत, त्या आता हातात पेला घेऊन तिच्या मागे फिरू लागल्या. "आता दोन जिवांचं खायचं." तिनं किती समजावलं. एकदा मन मोडवेना म्हणून भरपूर साखर घातलेलं दूध तिनं घटाघट पिऊन टाकलं. वीस मिनिटांत दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, हात थरथरू लागले, ती जमिनीवर आडवी झाली. गोड पदार्थ लहान पोटातून थेट आतड्यात उतरला की असं होतं. सासूबाई पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

पुढच्या खेपेला त्या स्वतःहून दवाखान्यात आल्या. आहारतज्ज्ञ मुलगी त्यांना नात शोभेल अशी, तिच्यासमोर वही उघडून बसल्या. "सांग बाई. एकेक करून सांग. मला घाई नाही." आधी अंडं, मासा, दही. मग बाकीचं. जेवताना पाणी नाही. दिवसातून सहा वेळा, वाटीभर. गोळ्या कुठल्या कधी, लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र का नाही, सगळं लिहून घेतलं. परतताना बसमध्ये त्या एकदम म्हणाल्या, "तुझा नवरा माझ्या पोटात होता तेव्हा सहा महिने मला पाणीसुद्धा पचत नव्हतं. सगळे म्हणायचे, खा, नाटकं करतेस. मला वाटायचं, माझ्याच चुकीनं मरणार हा." मग म्हणाल्या, "आणि मी तुझ्याशी तेच केलं."

मास्तरणीनं त्यांचा हात हातात घेतला.

पाचव्या महिन्यात लोह इतकं घसरलं की शिरेतून द्यावं लागलं. साखरेचं पाणी पिऊन करायची नेहमीची तपासणी तिला सोसणारी नव्हती, म्हणून आठवडाभर बोटाला टोचून टोचून आकडे लिहिले. सोनोग्राफीत बाळ लहान दिसायचं. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत "वाढतंय, पण कंजुषीनं" म्हणायच्या. सातव्या महिन्यात वजनकाट्यावर आकडा पहिल्यांदा चढला, दोन किलोनं. मास्तरीण काट्यावरून उतरली आणि हमसून हमसून रडली. परिचारिकेला वाटलं आनंदानं. तसा तो होताही. पण नुसता आनंद नव्हता, आणि हे तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं समजूत काढायचा प्रयत्न केला नाही, नुसता शेजारी बसून राहिला.

सदतिसाव्या आठवड्यात बाळाची वाढ थांबल्यासारखी वाटली, तेव्हा डॉक्टरांनी कळा सुरू करायचं ठरवलं. अठरा तास लागले. मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम, सुरकुतलेली, पण आवाज असा की बाहेर व्हरांड्यात बापाला ऐकू गेला. सहा दिवस तिला उबेच्या पेटीत ठेवलं. बाप पेटीच्या काचेला नाक लावून उभा राही. दहा मजली इमारतीत लिफ्टच्या पोकळीत दोरावर लटकणारा माणूस पोरीला उचलायला मात्र चार दिवस धजला नाही.

मुलगी सात महिन्यांची झाल्यावर मास्तरीण तपासणीला गेली. वजन म्हणावं तसं उतरत नव्हतं, केस गळत होते, झोपेचा पत्ता नव्हता. बाकावर शेजारी एक तरुण बाई बसली होती, ऑपरेशनची तारीख घेऊन आलेली. मांडीवरचं मूल पाहून तिनं चौकशी केली, आणि सगळं ऐकून डोळे विस्फारले. "म्हणजे माझंही लगेच होईल? मला दहा वर्षं झाली हो लग्नाला!"

मास्तरणीनं पोरीच्या तोंडातून ओढणीचं टोक काढून घेतलं. "होईल की नाही, मला माहीत नाही. पण दीड वर्ष थांबा म्हणतील, ते थांबा. तांबी आजच विचारा, पुढच्या खेपेला नको."

"पण तुमची तर किती छान आहे."

"छानच आहे. हिच्यावाचून मला आता घटकाभर करमत नाही. पण मी बाळंत होईपर्यंत रोज सकाळी उठून पहिल्यांदा पोटावर हात ठेवून बघायचे, आहे ना, म्हणून. तुम्हाला तसं बघायला लागू नये."

आतून नंबर पुकारला. त्या बाईनं पिशवी उचलली, दोन पावलं गेली आणि परत वळून विचारलं, "काय म्हणालात, तांबी ना?"

"तांबी," मास्तरीण म्हणाली.