डालग्यातलं ऊन

वैशाख लागला आणि इंद्रायणीच्या डोळ्यापुढं केदारखेडा डोलायला लागला. माहेरी जाऊन दोन वर्षं झाली होती. पण सासरे रायभान बाजेवर मांडी ठोकून सांगायचे, "सूनबाई, तिकडं ऊन जादा. आपल्या शहागडाला गोदामाय हाय. तुला भट्टीत कशाला धाडू?"

खरं कारण सासूबाईंना, गिरिजाबाईंना ठाऊक होतं. दुपारी पत्ते खेळायला म्हाताऱ्याला सुनेसारखा गडी दुसरा नव्हता.

"मंग मोजू की, मामा," इंद्रायणी सासऱ्यांना म्हणाली. "केदारखेडा थंड निघाला तर मी चालले. तापलेला निघाला तर औंदा माहेराचं नाव न्हाई."

पैज लागली. जालन्याहून एकसारखे दोन तापमापक आले. एका घागरीत बुडवून पाहिले, तर दोन्ही सारखंच बोलले. एक एसटीनं तिच्या भावाकडं, रामप्रसादकडं गेला.

पहिल्याच दुपारी घोटाळा. मामांनी आपला तापमापक रांजणाच्या ओल्या फडक्याला टेकवून टांगला. चौतीस!

"मामा, ही तर रांजणाची तब्येत!"

तिनं तो काढून पत्र्याच्या भिंतीला टांगला. एक्कावन्न!

"आन् ही पत्र्याची! त्याच्यावरच भाकरी भाजून घे आता," मामा म्हणाले.

दोघंही पोट धरून हसली. पण पीठ मळता मळता तिला टोचलं. असं जिंकून गेले, तर आईच्या हातचा घास गोड कसा लागायचा?

तिच्या शाळेच्या आवारात एक पांढरी, फटीफटींची पेटी होती. ऊन नको, भिंत नको, ओल नको, नुसती हवा मोजायची, असं गुरुजी सांगायचे. पेटी कुठून आणावी? तिनं कोंबड्या झाकायची बांबूची दोन डालगी उचलली. लहान डालगं मोठ्यात, मधे वारं खेळायला जागा, दोन्हींना चुना, आत तापमापक. तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर, छातीइतकं उंच, मोकळ्या मातीवर टांगलं. फोन करून भावालाही हुबेहूब तसंच करायला लावलं. बेघर कोंबड्या अंगणभर बोंबलत फिरल्या, आणि गिरिजाबाईंनी सूर लावला:

ऊन तापतं ऊन, तव्यावर जशी लाही
माहेराची गं वाट, पाय ठेवू देत न्हाई

दुसऱ्या दुपारी इंद्रायणीनं डालग्यात डोकावलं. त्रेचाळीस. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, इथं साडेत्रेचाळीस."

"काय म्हणतो गं?" बाजेवरून मामा.

एक आकडा फिरवला असता तर काम झालं असतं. तिनं फोन ठेवला. "आमच्या केदारखेड्याचंच ऊन जादा, मामा. अर्ध्या अंशानं. जिंकले तुम्ही. वाटा पत्ते."

मामा पत्ते पिसत राहिले. पिसत राहिले, वाटेचनात.

"रामप्रसादनं चुना बराबर लावला असंल का?"

"लावला की."

"डालगं भिंतीला चिटकवलं न्हाई ना?"

"न्हाई, मामा."

"न्हाई कसं? मी डोळ्यानं पाहिल्याबिगर अर्धा अंश बिलकुल मानणार न्हाई. ऊठ, पिशवी भर. आपलं डालगं त्याच्या डालग्याशेजारी टांगून पाहू."

सकाळी एसटीत कंडक्टरनं विचारलं, "बाबा, डालगं हाय, कोंबडी कुठाय?"

"कोंबडी घरी. ऊन घिऊन चाललोय," मामा म्हणाले, आणि खिशातला पत्त्यांचा जोड चाचपून पाहिला.

खाली उभ्या गिरिजाबाई पदराआड हसत होत्या:

सून निघाली माहेरा, सासरा तिच्या म्होरं
त्याच्या मांडीवर बाई, कोंबड्यांचं घर