त्या तांब्याच्या भांड्यात असं काय आहे?

मित्रांनो, मी एक जुनं शिवणयंत्र आहे आणि मला कॉफीच्या एका भांड्याचा हेवा वाटतो. हसू नका.

बोस्नियातल्या आमच्या बुटांच्या कारखान्यात नव्या बायका माझ्यावर शिकतात. माझं अंग दणकट लोखंडाचं. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "इथे हात बसला की कुठेही बसतो." ऐकून मी फुगून जायचं. आणि ते भांडं? लांब दांड्याचं, पोचे आलेलं. एक टाका घालता येत नाही मेल्याला! तरी सुट्टी झाली की सगळ्या बायका त्याच्याभोवती.

मेवलिदा नवी आली, तेव्हा म्हटलं, ही माझी. शुक्रवारी तिची शिवणाची परीक्षा होती. नापास झाली, तर लेकीला मागे ठेवून जर्मनीत नणंदेकडे साफसफाईच्या कामाला जावं लागणार होतं. म्हणून सुट्टीतही ती माझ्यापाशीच बसायची.

"ये गं, कॉफी घे!" जुन्या हायरियाने हाक मारली.

"नको, शिवायचंय."

दुसऱ्या दिवशीही नकोच. आमच्याकडे कॉफीला नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

"मोठी आली शहाणी!" बायकांनी नाकं मुरडली, तिच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पण शिवणीच्या वळणावर चामडं ओढून ती माझ्या सुया मोडत राहिली. तिची चूक मला दिसत होती; सांगणार कसं? मला तोंड कुठे आहे? गुरुवारी ती माझ्यावर डोकं टेकून रडली. तेव्हा हायरियाच कप घेऊन आली.

"आधी पी, मग रड. अगं, ओढतेस कशाला? सुई चामड्यात राहू दे, चामडं दाबणारा यंत्राचा पाय उचल, मग वळव. मीपण ढीगभर सुया मोडल्यात."

"तुम्ही?"

"मग काय, आईच्या पोटातून शिकून आले?"

मेवलिदा हसली. मग बाकीच्याही आल्या, भांडं घेऊन. ती शिवत होती आणि त्या सांगत होत्या.

शुक्रवारी माझ्या सुईखालून सुरेख वळण निघालं. नोकरी पक्की! तिने मिठी मारली ती हायरियाला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. वर ते गरम भांडं माझ्याच फळीवर टेकवलं; काळा डाग पडला.

मित्रांनो, मला तेल द्या, माझी धूळ पुसा. पण नव्या बाईला माझ्याजवळ एकटं सोडू नका. मला उचलून त्या मेल्या भांड्याशेजारी ठेवा. जळफळाट होईल माझा, होऊ दे. कुणाची तरी लेक आईपाशी राहील.