साठच्या खाली

सकाळपासून तिसऱ्यांदा तिने चाचणीचा कप घासून कोरडा केला, आत सफाईचं द्रावण ओतलं आणि झाकण बसवून आच मंद केली. तापमान एकेका अंशाने चढायचं, आणि दर अंशाला ती इवलीशी ज्योत झाकणाच्या फटीशी न्यायची. आतली वाफ ज्या अंशाला भप्पकन पेटेल, तो फ्लॅश पॉइंट. काल सत्तावन्न आला होता. आज आधी एकसष्ट, मग बासष्ट, आणि आता त्रेसष्ट.

"ह्याला काही धरबंध आहे की नाही!" ती एकटीच करवादली. थर्मामीटर कालच पडताळून झाला होता. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून खिडकी बंद, पंखा बंद. ॲप्रन घामाने पाठीला चिकटला होता.

प्रयोगशाळेचं दार ढकलून तिचा दीर आत आला. कारखान्याचं गोदाम त्याच्या ताब्यात होतं.

"झालं का वहिनी? साठच्या वर आहे ना? मग लिहून मोकळ्या व्हा. खाली आला तर ज्वालाग्राही म्हणून ऐंशी पिंपं मागच्या शेडमध्ये हलवावी लागतील, आणि माझ्याकडे माणसं दोन."

"भाऊजी, दर वेळी आकडा चढतोय. असा कसा चढेल?"

"चढतोय तर चांगलंच की!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तिची नजर नमुन्याच्या बाटलीच्या सैल बुचावर पडली.

"ही पिंपातून कधी काढलीत?"

"परवा. टेबलावरच होती माझ्या. बूच सापडेना, म्हणून कागदाचा बोळा लावला होता. काल तुमच्याकडे पाठवताना दुसऱ्याच बाटलीचं बूच बसवलं."

ती मटकन स्टुलावर बसली. लवकर पेटणारा भाग तेव्हापासून उडून चालला होता, आणि ती उरल्यासुरल्याशी डोकं फोडत होती.

"दोन दिवस पाण्यात घातलेत माझे!"

"एवढ्याशा बुचापायी?"

ती उठली. स्वच्छ बाटली घेऊन तरातरा गोदामात गेली, समोर सीलबंद पिंप उघडायला लावलं, बाटली भरून स्वतःच्या हाताने बूच आवळलं. नव्या नमुन्याचा आकडा आला एकावन्न. पुन्हा केलं, पुन्हा एकावन्न. तिने तोच लिहिला.

कागद वाचून दिराचा चेहरा उतरला. "घरचंच माणूस असं वागलं, तर बाहेरच्यांना काय बोलायचं?"

"घरचंच माणूस दिवसभर त्या पिंपांजवळ उभं असतं, भाऊजी. गेल्या आठवड्यात शेजारीच वेल्डिंग चाललं होतं."

पिंपं हलवायला तीन दिवस लागले. घरी तो मान खाली घालून जेवायचा. "तुमचं काय बिनसलंय?" असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा दोघंही एकदमच "काही नाही" म्हणाले.

चौथ्या दिवशी साहेबांची सही होऊन अहवाल परत आला. खाली लाल शाईत शेरा होता : 'चाचणीस दोन दिवस विलंब. खुलासा करावा.'

ती तो शेरा बघतच राहिली. मग कोरा कागद ओढून तिने लिहिलं, 'नमुना उघडा राहिला होता.' कोणी उघडा ठेवला, ते लिहिलं नाही. पण पेन इतकं दाबलं, की कागदाला भोक पडलं.